पगारातली गार्निशमेंट थांबवायला चॅप्टर ७: आठ महिने वापरून काय दिसलं

निकाल आधीच सांगतो. अमेरिकेत चॅप्टर ७ ची, म्हणजे कर्जमाफी मागणाऱ्या दिवाळखोरीची (बँकरप्टसी), केस फाइल झाली की त्या कायद्याच्या कलम ३६२ खालचा 'ऑटोमॅटिक स्टे', म्हणजे वसुलीवरची आपोआप स्थगिती, त्याच मिनिटाला लागू होतो. न्यायाधीशाची सही लागत नाही, तारीख पडत नाही. क्रेडिट कार्ड, दवाखान्याचं बिल, जुनं पर्सनल लोन यांच्या डिक्रीवर चाललेली पगारजप्ती (गार्निशमेंट) त्या क्षणापासून बेकायदा ठरते. इथपर्यंत पाचपैकी पाच. एक गुण कापला तो यासाठी की कायदा कपात थांबवतो, पण पेरोलचं सॉफ्टवेअर थांबत नाही. ते कुणीतरी हाताने बंद करावं लागतं, आणि त्या 'कुणीतरी'पर्यंत कागद पोचवण्याचं काम आपलंच असतं.

आधी कपात बरोबर होते आहे का ते बघा. संघराज्य कायद्यानुसार दोन रकमा काढायच्या: डिस्पोझेबल कमाईच्या (सक्तीचे कर वजा जाता उरलेल्या पगाराच्या) २५ टक्के, आणि आठवड्याला २१७.५० डॉलरच्या वरची कमाई (किमान वेतन ७.२५ गुणिले ३०). यातली लहान रक्कमच कापता येते. पंधरवड्याचा पगार २,००० आणि सक्तीचे कर ४०० असतील, तर १,६०० उरतात. त्याचे २५ टक्के म्हणजे ४००. दुसरा हिशोब १,६०० वजा ४३५, म्हणजे १,१६५. लहान आकडा ४००, तेवढीच कपात. डिस्पोझेबल म्हणजे घरी येणारा पगार नव्हे. हेल्थ इन्शुरन्स आणि ४०१(के) या निवृत्ती खात्याचे पैसे यातून वजा होत नाहीत, म्हणून हातात येणाऱ्या रकमेच्या मानाने कपात जास्त वाटते. काही राज्यांत मर्यादा याहून कडक आहे. टेक्सस, पेनसिल्व्हेनिया आणि दोन्ही कॅरोलिनांत साध्या ग्राहककर्जासाठी पगार सहसा जप्त होतच नाही. तिथे कपात चालू असेल तर ती कशाची आहे हे आधी शोधा, बहुधा कर, चाइल्ड सपोर्ट किंवा स्टुडंट लोन निघेल.

फाइल करायला सगळं बाड तयार असावं लागतं, हा गैरसमज आहे. पुढचा पगार तोंडावर असेल तर मूळ पिटिशन, सोशल सिक्युरिटीचं निवेदन, धनकोंची पत्त्यांसह यादी, क्रेडिट काउन्सेलिंगचं प्रमाणपत्र आणि ३३८ डॉलर फी एवढ्यावर केस नंबर मिळतो. फी हप्त्यांनी भरायचा अर्ज करता येतो. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १५० टक्क्यांच्या आत असेल तर माफीचाही. उरलेली शेड्यूल्स, म्हणजे मालमत्ता, कर्जं आणि उत्पन्न यांचे तक्ते, १४ दिवसांत द्यायची. काउन्सेलिंग मात्र फाइल करण्याआधीच, मागच्या १८० दिवसांत, मान्यताप्राप्त संस्थेकडूनच झालेलं हवं. घाईत हे 'नंतर करू' म्हणून ठेवलं तर केस फेटाळली जाऊ शकते, आणि फेटाळलेली केस पुढे किती नडते ते खाली येईल. दिवस निवडताना पगाराची तारीख बघू नका, पेरोल कधी रन होतं ते बघा. पगार शुक्रवारी असला तरी आकडे बहुधा दोन-तीन दिवस आधी बंद होतात.

आता खरी मेख. कोर्ट धनकोंना नोटीस पाठवतं, पण ती पोस्टाने फिरत येते आणि आपल्या कंपनीच्या पेरोलला जातच नाही, कारण कंपनी धनको नसते. म्हणून केस नंबर मिळाला त्याच दिवशी 'नोटिस ऑफ बँकरप्टसी केस फायलिंग' हे एक पान काढून घ्या. त्यावर तारखेबरोबर वेळही छापलेली असते. ते चार ठिकाणी पाठवायचं: पेरोल, वसुली करणाऱ्या वकिलाचं ऑफिस, जप्ती बजावणारा शेरीफ किंवा मार्शल, आणि ज्या राज्य कोर्टाने रिट (जप्तीचा हुकूम) काढलं त्याचा क्लार्क. मूळ बँकेला फोन करत बसण्यात अर्थ नाही; फाइल वकिलाकडे असते. सोबतच्या पत्रात नाव, कर्मचारी क्रमांक, बँकरप्टसी केस नंबर, कोर्टाचा डिस्ट्रिक्ट, फायलिंगची तारीख-वेळ आणि त्याखाली जुन्या डिक्रीचा केस नंबर टाका. हा शेवटचा नंबर नसला तर पेरोलला कुठली ऑर्डर बंद करायची तेच कळत नाही. ईमेल करा, फॅक्सही करा आणि पोचपावती जपा. पुढे दाद मागायची झाली तर तीच कामाला येते.

पेरोलचं ठरलेलं उत्तर असतं, 'आम्हाला रिलीज (जप्ती उठवल्याचं पत्र) लागेल.' त्यांच्याशी वाद घालू नका. ऑर्डर मोडली तर कंपनीच अडकते, म्हणून त्यांना कागद हवा असतो आणि ती भीती रास्त आहे. रिलीज मागायचं वसुलीवाल्या वकिलाकडे, लेखी. नोटीस मिळूनही त्याने कपात चालू ठेवली, तर कलम ३६२(के) खाली नुकसानभरपाई आणि वकिलाची फी मागता येते, प्रसंगी दंडात्मक भरपाईही. पत्रात या पोटकलमाचा एका ओळीत उल्लेख केला की कामाला वेग येतो. फाइल केल्यानंतर एखादा पगार कापला जाणं मात्र गृहीत धरा आणि घरभाड्याचा हिशोब तसा ठेवा.

कापलेले पैसे परत मिळतात का? फायलिंगनंतरच्या कमाईतून कापलेले मिळायलाच हवेत. आधीच्या ९० दिवसांतले मिळू शकतात, पण आपोआप नाही. एकाच धनकोने त्या काळात एकूण ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त नेले असतील, तर ती 'प्रेफरन्स', म्हणजे एकाच धनकोला झुकतं माप देणारी आणि परत मागता येणारी वसुली, ठरू शकते. वरच्या उदाहरणात सहा पगारांचे २,४०० होतात. ते मागायचे तर शेड्यूल सी मध्ये ती रक्कम एक्झेम्प्ट (धनकोंना हात न लावता येणारी) म्हणून दाखवलेली हवी, आणि 'स्टेटमेंट ऑफ फायनान्शियल अफेअर्स'मध्ये वर्षभरातल्या जप्तीचा जो प्रश्न आहे तिथे तारखांसह नोंद हवी. बहुतेकांचे पैसे इथेच बुडतात. कपात थांबली या आनंदात तो रकाना रिकामा राहतो. ९० दिवस मोजताना पे-स्टबवरची देयक तारीख नव्हे तर काम केल्याची मुदत धरायची, असं अनेक कोर्टं मानतात. म्हणून प्रत्येक स्टब जपून ठेवा.

काय थांबत नाही तेही ऐका. चाइल्ड सपोर्ट आणि पोटगीची कपात चालू राहते. ४०१(के) मधून घेतलेल्या कर्जाचा हप्ताही चालूच राहतो. आयआरएसची (केंद्रीय कर खात्याची) लेव्ही आणि सरकारी स्टुडंट लोनची १५ टक्के कपात थांबते, पण अलीकडचे कर सहसा माफ होत नाहीत आणि स्टुडंट लोनसाठी वेगळा दावा लावावा लागतो. तो नसेल तर केस संपल्यावर कपात पुन्हा सुरू होऊ शकते. अशांसाठी स्टे म्हणजे चार महिन्यांची उसंत, एवढंच.

मराठी घरांसाठी दोन गोष्टी. पहिली, ही सोय नागरिकांपुरती नाही. तिथे राहणारा व्हिसावरचा माणूसही फाइल करू शकतो. दुसरी, शेड्यूलमध्ये मालमत्ता 'जगात कुठेही असलेली' लिहायची असते. सातबाऱ्यावर चार भावंडांसोबत आपलं नाव असेल, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हिस्सा असेल, तर तो लिहावाच लागतो, भले एक रुपया हातात येत नसो. फायलिंगनंतर १८० दिवसांत वारसाहक्क मिळाला तर तोही कळवायचा. आणि मागच्या वर्षभरात वडिलांचे किंवा भावाचे उसने पैसे फेडले असतील, तर ट्रस्टी (केस तपासायला नेमलेला माणूस) ते विचारणार, कारण नातलगांसाठी ९० दिवसांऐवजी पूर्ण एक वर्ष मागे बघतात. 'इकडचं तिकडे कोणाला कळतंय' हा सल्ला देणारे ओळखीचे टॅक्सवाले बरेच भेटतात. शपथेवर खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि वकील नसलेल्या फॉर्म भरून देणाऱ्याला कायदेशीर सल्ला द्यायला कलम ११० ने मनाई आहे.

पुन्हा पुन्हा फाइल करण्याचा खेळ इथे चालत नाही. मागच्या वर्षात एक केस फेटाळली गेली असेल तर स्टे ३० दिवसांत संपतो; वाढवून हवा तर त्याच ३० दिवसांत सुनावणी पूर्ण व्हावी लागते. दोन केसेस फेटाळल्या असतील तर स्टे लागतच नाही. फीचा हप्ता चुकला, शेड्यूल्स राहिली, ३४१ च्या मीटिंगला (ट्रस्टी शपथेवर प्रश्न विचारतो ती बैठक) गैरहजर राहिलं, ही फेटाळण्याची नेहमीची कारणं. ही मीटिंग फायलिंगनंतर साधारण २१ ते ४० दिवसांत होते, हल्ली झूमवर. ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा पुरावा आधीच काढून ठेवा.

उत्पन्न राज्याच्या मध्यम (मीडियन) उत्पन्नापेक्षा बरंच वर असेल तर बहुधा चॅप्टर १३ कडे, म्हणजे हप्त्यांनी कर्ज फेडण्याच्या प्लॅनकडे, वळावं लागतं. स्टे तिथेही लगेच लागतो, पण ट्रस्टीचा हप्ता अनेकदा पगारातूनच कापला जातो. म्हणजे कपात गेली आणि नवी कपात आली; फरक इतकाच की ती आपल्या प्लॅनमधली असते.

चॅप्टर ७ मध्ये ३४१ च्या मीटिंगनंतर साधारण दोन महिन्यांनी डिस्चार्ज, म्हणजे कर्जमाफीचा आदेश, मिळतो, मात्र दुसरा कोर्स, म्हणजे डेटर एज्युकेशन, केलेला हवा. तो विसरला तर केस डिस्चार्जशिवाय बंद होते आणि गार्निशमेंटवाला परत दारात. डिस्चार्जने वैयक्तिक देणं संपतं, पण डिक्रीचा बोजा घरावर चढलेला असेल तर तो आपोआप उतरत नाही. त्यासाठी ५२२(एफ) चा वेगळा अर्ज आहे. बँकरप्टसीमुळे खाजगी कंपनीला नोकरीवरून काढता येत नाही, तरी डिस्चार्जची प्रत पेरोलच्या फाइलमध्ये नेऊन ठेवलेली बरी. क्रेडिट रिपोर्टवर नोंद १० वर्षांपर्यंत राहू शकते.

आणि पे-स्टब वाचताना दचकू नका. 'गार्निशमेंट' ही ओळ डिसेंबरपर्यंत तशीच छापून येते, कारण वर्षभराच्या बेरजेच्या रकान्यात जुना आकडा असतो. बघायचा तो फक्त चालू पगाराचा रकाना. तिथे ०.०० असलं की काम झालं.