केन की गाइल? हल्ला आणि बचाव यांतून निवडताना

स्ट्रीट फायटर ६ या एकास एक मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये मुख्य पात्र ठरवताना तुम्ही केन आणि गाइलपाशी अडला असाल, तर तुम्ही खरं तर खेळायची पद्धत निवडताय. केन घेतला की अंगावर जायचं. गाइल घेतला की समोरच्याला यायला भाग पाडायचं आणि आला की पाडायचं. मी दोघांनाही रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या ऑनलाइन सामन्यांत, भरपूर खेळवलंय. मूव्ह-लिस्ट तुम्ही पाहिली असेलच, त्यात शिरत नाही.

स्वभावाने मी गाइलवाला. सॉनिक बूम हा लांबून जाणारा मारा सोडायचा, त्याच्या आडोशाने दोन पावलं पुढे सरकायचं, समोरच्याने वैतागून उडी मारली की वर उठणारी फ्लॅश किक. चार्ज धरावा लागतो, म्हणजे या चालींआधी मागे किंवा खाली दाबून ठेवावं लागतं, म्हणून पुढे चालणं महाग पडतं, पण खाली-मागे दाबून ब्लॉक करत बसलं तरी चार्ज भरत राहतो. १९९१ पासून हे पात्र मुळात असंच आहे आणि अजूनही देखणं वाटतं. समोरचा उतावळा असेल तर गाइलसारखं सुख नाही.

पण या गेमचं मन बचावाकडे नाही. ड्राइव्ह गेजचे, म्हणजे खास चालींच्या ऊर्जापट्टीचे, सहा डबे. ब्लॉक केलेला प्रत्येक फटका त्यातून थोडं थोडं खातो. नुसतं पुढे चालत राहिलं तरी गेज लवकर भरतो. गेज संपून बर्नआउट झालं की पॅरी (फटका परतवणं) नाही, ओव्हरड्राइव्ह (डबे खर्चून मारलेली जोरकस चाल) नाही, आणि पाठ भिंतीला लागलेली असताना ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका ब्लॉक केला तरी स्टन, म्हणजे भोवळ. एवढं मी सहन केलं असतं. गेज जपायला शिकता येतं.

मला नको झालं ते कोपऱ्यातल्या थ्रोमुळे. कोपऱ्यात एकदा पकडून आपटलं की बऱ्याच पात्रांना, तुम्ही उठायच्या आत, परत चिकटून उभं राहता येतं. तुम्ही उठता आणि प्रश्न तोच: आता थ्रो की फटका? थ्रो सोडवायला गेलात आणि तो अर्धं पाऊल मागे सरकला, की तुमचे हात हवेत आणि वर पनिश काउंटरचा (फसलेली चाल पकडून मारलेल्या फटक्याचा) अख्खा कॉम्बो, म्हणजे सलग फटके. उडी मारलीत तर फटका. पॅरी धरलीत तर थ्रो, तोही नेहमीपेक्षा जास्त मार देणारा. दोन डबे मोजून ओव्हरड्राइव्ह फ्लॅश किक मारलीत आणि त्याने शांतपणे ब्लॉक केली, तर पुढचं सांगायला नको.

अंदाज चुकला म्हणून हरायला माझी हरकत नाही. खटकतं ते अंदाज बरोबर आल्यावर काय मिळतं ते. थ्रो सोडवला तरी मी कोपऱ्यातच असतो, दोघांमध्ये जरा अंतर पडतं एवढंच, आणि तो पुन्हा चालत येतो. त्याचा अंदाज चुकला तर बहुतेक वेळा एक संधी जाते. माझा चुकला तर पात्राच्या आयुष्याच्या पट्टीचा मोठा तुकडा जातो. नव्व्याण्णव सेकंदांच्या राउंडमध्ये आधी कितीही शिस्तीने खेळलेलं असो, या सवालजवाबात ते मोजलं जात नाही.

केनकडे प्रश्न विचारायची बाजू असते. मैदानाच्या मधोमध एक साधा फटका नीट लागला, की जिनराई किक आणि ड्रॅगनलॅश या लाथांच्या जोरावर समोरचा कोपऱ्यापर्यंत ढकलला जातो. वरचा सगळा त्रास मग त्याचा. केनमध्येही दुखणी आहेत. फटक्यातून ड्राइव्ह रश (झपकन पुढे धाव) काढायला तीन डबे लागतात, म्हणजे दोनदा हौस केली की बर्नआउट तुमचंच. संयमी गाइल समोर असेल तर सॉनिक बूममधून वाट काढताना जीव मेटाकुटीला येतो. शिवाय हाताला काम जास्त.

बचावाचे भक्त इथे हमखास एव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेतली २००४ ची ती क्लिप दाखवतात: दाइगो उमेहारा, समोर जस्टिन वाँगची चुन-ली, आणि तिच्या सुपरचा, म्हणजे सर्वांत मोठ्या चालीचा, एकेक फटका पॅरी होतोय. मलाही ती तोंडपाठ आहे. पण तो गेम स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक होता. तिथे पॅरीला गेज लागत नसे, आणि समोरून येणारा फटका पॅरी करायला स्टिक पुढे, प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलावी लागायची. शेवटी सामना संपवला तो त्यानंतरच्या कॉम्बोने. आणि पात्र कोणतं होतं? केन.

तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. अपडेट येतात तसे हे आकडे थोडेफार हलतात, आणि समोरच्याच्या सवयी वाचण्यात ज्यांना खरा आनंद मिळतो त्यांनी गाइल जरूर घ्यावा; माझ्यापेक्षा थंड डोक्याचे लोक त्याच कोपऱ्यातून रोज बाहेर पडतात. मी मात्र आता बहुतेक केनच निवडतो. तुम्हीही तिकडे वळलात, तर ट्रेनिंग मोडमध्ये लांब कॉम्बो मागे ठेवा आणि कोपऱ्यातल्या थ्रोनंतर पुढे सरकायचं टायमिंग आधी बसवा.