शेळ्यांची तयार सहा फुटी गव्हाण: घ्या, पण सळ्या आणि ट्रे बदलूनच

फॅब्रिकेशनच्या दुकानांत शेळ्यांसाठी जी तयार लोखंडी गव्हाण मिळते, तिचा साचा बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. सहा फूट लांबी, मधोमध सळ्यांची 'व्ही', खाली पत्र्याचा ट्रे, आणि शेळ्या दोन्ही बाजूंनी खातात. वैरण वाचवणारी गव्हाण म्हणून ती विकली जाते. सांगाडा खरोखर चांगला आहे. पण दुकानातून जशी येते तशी वापरली, तर खाली वैरणीचा सडा पडायचा थांबत नाही. खोट दोन जागी आहे, सळ्यांमधल्या अंतरात आणि ट्रेमध्ये. दोन्ही गोष्टी ऑर्डर देतानाच सुधारून घेता येतात.

शेळी म्हशीसारखी एका जागी उभी राहून रवंथापुरतं भरून घेत नाही. ती घास ओढते, दोन पावलं मागे सरते, पाला खाते आणि काडी टाकून देते. पडलेल्या काडीला लेंड्या-मूत लागलं की पुन्हा तोंड लावत नाही. तिने लावूही नये, कारण जंतांची आणि करडांच्या हगवणीची लागण तिथूनच होते. म्हणून गव्हाणीचं काम दोनच आहे: मोठा घास ओढू द्यायचा नाही, आणि तोंडातून सुटलेलं पुन्हा गव्हाणीतच पडलं पाहिजे.

तयार गव्हाणीत सळ्यांमध्ये बऱ्याचदा चार इंच अंतर ठेवलेलं असतं. हे सगळ्यात वाईट माप. एवढ्या फटीतून शेळी हवा तेवढा झुपका ओढते, शिवाय डोकं आत घालायचा प्रयत्न करते. शिंगं मागे वळलेली असली, जशी संगमनेरी जातीत असतात, तर डोकं आत जातं आणि बाहेर येताना शिंगं अडकतात. रात्री असं झालं तर सकाळी शेळी मेलेली सापडू शकते. अंतर दोन ते अडीच इंच मागा. त्यातून फक्त नाकाडं जातं, घास लहान निघतो आणि ती जागेवरच उभी राहून खाते. सळी आठ मिलिमीटरची पुरते. सहाची सळी बोकड धडका देऊन वाकवतो.

आता ट्रे. तीन इंच खोलीचा आणि 'व्ही'च्या तोंडाइतकाच रुंद ट्रे दिसला तर ती गव्हाण घेऊ नका. खोली किमान सहा इंच हवी आणि प्रत्येक बाजूला ट्रे सळ्यांच्या पुढे सहा इंच आला पाहिजे, म्हणजे शेळीचं तोंड ट्रेच्या वरच राहतं. काठ एक इंच आतल्या बाजूला दुमडलेला असावा. ही बारीक गोष्ट फार कामाची आहे: शेळी नाकाने पाला बाजूला लोटत खाते आणि सरळ काठावरून तो बाहेर जातो, दुमडलेल्या काठाला अडतो. दुमडल्यामुळे पत्र्याची धार गळ्याला लागत नाही, हा वेगळाच फायदा.

ट्रेवर एवढा जोर देण्याचं कारण आपली वैरण. 'व्ही'चा साचा लांब, वाळलेल्या गवताच्या पेंढ्यांसाठी आहे. लसूण घास, दशरथ घास, भुईमुगाचे वेल त्यात छान बसतात. पण आपल्याकडे कोरडी वैरण म्हणजे बहुतेक कडब्याची कुट्टी, नाहीतर तूर, हरभरा, सोयाबीनचं भुसकट (विदर्भात कुटार). ते सळ्यांतून क्षणात खाली येतं. तेव्हा खरी गव्हाण म्हणजे ट्रेच. ज्यांच्याकडे वर्षभर कुट्टी आणि भुसकटच आहे, त्यांनी 'व्ही'वर पैसे घालू नयेत. भिंतीलगत खोल गव्हाण आणि तिच्यापुढे वर रुंद, खाली अरुंद अशा फटींची चौकट करून घ्यावी. डोकं वरच्या रुंद भागातून आत जातं आणि मान खालच्या अरुंद भागात येते. मग मान वर उचलल्याशिवाय तोंड बाहेर निघत नाही, त्यामुळे घास घेऊन मागे पळणं बंद होतं.

बारा शेळ्यांची म्हणून ही गव्हाण दिली जाते. मोठ्या शेळीला सव्वा फूट जागा धरा, म्हणजे एका बाजूला चार, दाटीने पाच. शिंगाळ आणि भुंड्या एकत्र असतील तर आठच धरा. जागा कमी पडली की जोरकस शेळी बाकीच्यांना हाकलते आणि त्या धावपळीत निम्मी वैरण पायाखाली जाते. ट्रेचा काठ जमिनीपासून चौदा ते सोळा इंचांवर ठेवा. 'व्ही' डोक्याच्या वर गेली तर कुसळं आणि धूळ डोळ्यांत पडते, डोळे येतात.

तयार गव्हाणीत करडांचा विचारच नसतो. करडं ट्रेमध्ये चढून झोपतात, तिथेच लेंड्या टाकतात, आणि मग मोठ्या शेळ्या अख्खा ट्रे नाकारतात. ट्रेच्या काठापासून आठ इंच वर एक आडवा पाइप लावून घ्या आणि करडांना वेगळी, बुटकी गव्हाण द्या.

गव्हाण आणल्यावर फरक मोजूनच बघा. कडबा एक ते दीड इंच कापा. त्याहून बारीक केला तर भुगा होतो आणि शेळ्या तो सोडून देतात. 'व्ही' गच्च भरू नका, तेवढीच वैरण दिवसातून तीन वेळा विभागून घाला. ओला लसूण घास थोडा सुकवून घाला, दाबून भरला तर आत तापतो आणि बुरशी धरते. सकाळी ट्रेमधलं उरलेलं आणि जमिनीवरचं वेगवेगळं वजन करा. ट्रेमध्ये दहा टक्क्यांपर्यंत जाड काड्या उरणं ठीक आहे, त्या म्हशींना चालतात. ट्रे चाटूनपुसून साफ असेल तर वैरण कमी पडतेय. जमिनीवरचं मात्र खरं नुकसान: वीस शेळ्यांना रोज आठशे ग्रॅमप्रमाणे सोळा किलो कोरडी वैरण लागते, त्यातली पाव जरी खाली गेली तरी महिन्याला 120 किलो होते. तुमच्या भागातल्या कडब्याच्या भावाने गुणा, आणि जादा सळ्या व रुंद ट्रेचे पैसे किती दिवसांत निघतात ते तिथेच दिसेल.

पैसे देण्याआधी ट्रेच्या तळाच्या कोपऱ्यांतलं वेल्डिंग बोटाने चाचपून पाहा. मीठ आणि खुराकाचा ओलावा तिथेच साचतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दोन्ही टोकांना पाणी निघायला बोटभर भोक पाडून घ्या, आणि रंग फक्त बाहेरून द्यायला सांगा, कारण आतला रंग शेळ्या चाटून काढतात.