मार्चअखेरची सही आणि दीड फुटावरची पाइपलाइन

पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात आमचे गाव आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमधून गावाला माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने मिळायचे होते. गावांतर्गत कामाच्या खर्चातील लोकवर्गणीचा १० टक्के वाटा काहींनी रोख भरला, तर काहींनी श्रमदानाने फेडला.

ठेकेदाराने पाइपांची पहिली गाडी ग्रामपंचायतीसमोर उतरवली. काळ्या पाइपांवर निळ्या रेघा होत्या आणि ठरावीक अंतरावर आयएस ४९८४ (अशा पाइपांचे भारतीय मानक), पीई १०० (प्लास्टिकचा दर्जा), व्यास व दाबाचा वर्ग स्पष्ट छापलेला होता. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीने तो माल तपासला, फोटोही काढले. माळावरच्या वस्तीसाठीचा माल मात्र परस्पर तिकडेच गेला आणि दिवस मावळायच्या आत चर बुजवून टाकला गेला. पुढे मार्चअखेरीस ठेकेदार हस्तांतरणाचे, म्हणजे काम पूर्ण झाले म्हणून योजना गावाच्या ताब्यात देण्याचे कागद घेऊन आला. आज सही झाली नाही तर निधी परत जाईल, पाइपलाइनची दाब चाचणी मागाहून करून देतो, असे सांगून त्याने समितीच्या सह्या मिळवल्या. मार्चअखेरची ही भीती गावोगाव अशीच वापरली जाते.

वस्तीवर पाणी चढेना म्हणून पावसाळ्यानंतर ओल दिसेल तेथे खणले. निविदेत चराची खोली एक मीटर होती. पाइप जेमतेम दीड फुटावर सापडला. त्यावर ना रेघ, ना छाप. कापलेली कड खरबरीत होती, जाडी एका बाजूला कमी भरत होती, आणि करवत चालवताना जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या मोजमाप पुस्तिकेत मात्र पूर्ण खोली आणि पूर्ण दर्जा नोंदलेला होता, आणि बिल त्याच नोंदीवर निघाले होते.

ज्यांच्या गावात काम चालू आहे, त्यांनी समितीतील कोणीतरी, शक्यतो त्याच वस्तीवरील एखादी महिला सदस्य, चर बुजवण्यापूर्वी टेप घेऊन हजर राहील असे पाहावे. प्रत्येक गाडीचे चलन, म्हणजे मालासोबत येणारी पावती मागावी, आणि पाइपलाइनची दाब चाचणी डोळ्यांदेखत झाल्याशिवाय हस्तांतरणाच्या कागदाला हात लावू नये. आम्ही कापलेला तुकडा पंचनामा करून ग्रामपंचायतीत ठेवला आहे. दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून द्यायची मुदत, संपलेला नसल्यामुळे लेखी तक्रार जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे दिली असून तिची पोच घेतली आहे. ठेकेदार आता फोन उचलत नाही.