६५ वॉटच्या प्रोसेसरला लिक्विड कूलर: १२,८०० रुपयांचा चुना

बिल समोर ठेवूनच लिहितो आहे. प्रोसेसर, इंटेल आय५-१२४००एफ: ११,८०० रुपये. २४० मिलिमीटरचा लिक्विड कूलर (प्रोसेसरवर पंप, नळ्या आणि द्रव थंड करणारी पंख्यांची जाळी, म्हणजे रेडिएटर): ८,९००. ‘लिक्विड भरणे व फिटिंग’: १,५००. ‘वार्षिक लिक्विड बदल’ करार: २,४००. प्रोसेसर ११,८०० चा आणि त्याला थंड ठेवायचा खर्च १२,८००! यातला एक रुपयाही लागणार नव्हता, कारण या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये कंपनीचा पंखा येतोच आणि घरच्या कामाला तो पुरतो.

दुकानात काय दाखवतात ते आधी ऐका. मशीन जोडतात, बॉक्समधलाच पंखा लावतात, प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले काम करणारे भाग) पिळून काढणारी टेस्ट चालू करतात आणि स्क्रीनवर तापमान ९७ पर्यंत चढवून दाखवतात. आकडा लाल होतो. ‘बघा साहेब, उन्हाळ्यात उडेल प्रोसेसर.’ त्याच खिडकीत, तापमानाच्या चार ओळी खाली, पंख्याचा वेग लिहिलेला होता: ६४० आरपीएम (मिनिटाला फेरे). पूर्ण लोडवर हा पंखा दोन-तीन हजारांच्या घरात फिरायला हवा आणि त्याचा आवाज समोरच्या माणसाला ऐकू यायला हवा. तो गप्प होता. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन वेग आधीच दाबून ठेवलेला होता. डोळ्यांसमोर होतं हे सगळं! पण वरचा आकडा लाल झालेला असताना, शेजारी दुकानदार ‘उडेल, उडेल’ करत असताना खालची ओळ कोण वाचणार? हा सापळा भल्याभल्यांना अडकवण्यासाठीच रचलेला असतो.

आणि ९७ अंशांना प्रोसेसर उडत नाही. १२४००एफची मर्यादा १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो आणि फारच झालं तर मशीन बंद होतं. त्याची मूळ पॉवर ६५ वॉट, बूस्टमध्ये, म्हणजे जोर लावून चालताना, जास्तीत जास्त ११७. गेम खेळताना तो ६०-७५ अंशांत असेल तर काळजीचं काहीच कारण नाही. तेवढ्यावरही आवाज नको असेल, तर १२० मिलिमीटरचा पंखा असलेला टॉवर एअर कूलर (धातूच्या पात्यांचा उभा कूलर, द्रव नसलेला) घ्या. डीपकूल एके४०० सारखा कूलर लिक्विडच्या किमतीच्या जवळपासही जात नाही. फक्त त्याची उंची १५५ मिलिमीटर आहे, ती कॅबिनेटमध्ये बसते का ते आधी मोजा.

लिक्विडबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की ते थंडावा निर्माण करतं. ते उष्णता फक्त प्रोसेसरवरून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. रेडिएटरला शेवटी खोलीतलीच हवा मिळते. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल, तर कोणताही लिक्विड कूलर प्रोसेसरला ३८ च्या खाली आणणार नाही. शिवाय गेमिंगमध्ये खरी भट्टी ग्राफिक्स कार्डाची असते. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट खातं आणि प्रोसेसरवरचा कूलर त्याला शिवतही नाही. तिथे पुढून हवा आत ओढणारे दोन पंखे आणि मागून बाहेर फेकणारा एक, एवढं हवं. पुढची बाजू काचेने बंद असलेलं कॅबिनेट घेऊ नका.

आता ‘लिक्विड भरणे’ आणि ‘दरवर्षी बदल’. संताप होतो तो याचाच. बाजारातले बहुतेक तयार लिक्विड कूलर कारखान्यातून सीलबंद येतात. त्यात काही भरायचं नसतं आणि घरी काही बदलायचंही नसतं. रिफिलचं झाकण असलेली मॉडेल्स मोजकी आहेत, आमचं त्यातलं नव्हतं. म्हणजे ३,९०० रुपये जी सेवा अस्तित्वातच नाही तिचे घेतले.

कूलरही जुना निघाला. नव्या कूलरच्या तांब्याच्या तळाला कारखान्यातली पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावलेली असते, नाहीतर संरक्षक फिल्म तरी असते. इथे स्क्रूच्या खाचांत जुनी पेस्ट वाळून बसली होती. पंप सुरू होताना गुडगुड आवाज यायचा, म्हणजे आत हवा शिरलेली. त्यात पंपाची वायर मदरबोर्डवरच्या साध्या कॅबिनेट पंख्याच्या हेडरला (जोडणीच्या पिनांना) जोडून दिली, त्यामुळे पंप अर्ध्या वेगाने फिरत होता. बायोसमध्ये पंप कायम पूर्ण वेगावर हवा. आणि लूपमधली, म्हणजे द्रव फिरतो त्या मार्गातली, सगळ्यात उंच जागा पंपाची असता कामा नये, रेडिएटरचं वरचं टोक त्याच्याही वर हवं.

बॉक्समधला पंखा ‘तुम्हाला काय उपयोग’ म्हणून दुकानाने ठेवून घेतला. तो वेगळा विकला जातो, हे नंतर कळलं.

दाद मागायला गेलात की खरा छळ सुरू होतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं, हा सिरियल नंबर आधीच बदलून दिलेल्या मालाचा आहे, विक्रेत्याला विचारा. विक्रेता म्हणतो, सर्व्हिस सेंटरला विचारा. पोलीस चौकीत अर्ज हातातही न घेता ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा’. जुना माल नवा म्हणून विकणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक काय ते स्पष्ट लिहिलेलं आहे. एका सरकारी कार्यालयात तर ‘एवढ्याशा रकमेसाठी?’ असं तोंडावर विचारलं. १२,८०० रुपये एवढेसे कोणासाठी आहेत? अशी दहा गिऱ्हाइकं गप्प बसतात, म्हणूनच ही दुकानं चालतात. चौकीने अर्ज घेतला नाही तर तो स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते.

लिक्विड कोणाला खरंच लागतं? आय९-१४९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर तासन्‌तास रेंडरिंगला जुंपणाऱ्याला, किंवा ज्याच्या छोट्या कॅबिनेटमध्ये उंच टॉवर मावत नाही त्याला.

बिलावर प्रोसेसर ‘बॉक्स’ (कंपनीच्या सीलबंद खोक्यातला) की ‘ट्रे’ (सुटा) ते लिहून घ्या. ट्रे प्रोसेसरसोबत पंखा येत नाही आणि ग्राहकाला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटीही मिळत नाही. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. फिटिंगआधी बॉक्सचं सील, कूलरचा तळ आणि दोन्हींचे सिरियल नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्या. दुकानदार फोटो काढू देत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा आणि पुढचं दुकान गाठा.