जुना सहा फुटी कटर बार मोअर : घासाच्या रानात काही महिने चालवल्यावर

विळा घेऊन घास कापायला माणूस मिळत नाही, म्हणून आमच्या भागात बरेच जण कटर बारची, म्हणजे ट्रॅक्टरला जोडून गवत कापायच्या आडव्या पट्टीच्या यंत्राची, चौकशी करतात. माझ्यापुरतं सांगतो. यंत्र कामाचं आहे, आणि जुनं मिळत असेल तर रंग, गंज, बेल्ट यांच्याकडे बघू नका. पात्यांची पट्टी फिंगरमध्ये, म्हणजे बारच्या पुढे आलेल्या टोकदार लोखंडी बोटांमध्ये, कशी बसते तेवढं बघा.

रान राहुरीकडचं. लसूणघास आरएल-88 वाणाचा, थोडं मारवेल गवत. ट्रॅक्टर चाळीस एचपीच्या आसपासचा. मोअर लिलावातला, नेमप्लेट पुसून गेलेली. रचना अगदी साधी आहे: पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा), व्ही-बेल्ट, फ्लायव्हील म्हणजे जड चाक, त्याला लाकडी दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाती. 1833 साली अमेरिकेत ओबेड हसीने कापणी यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा फिंगरच्या फटीतून इकडून तिकडे सरकणारी पाती हीच युक्ती होती. आजच्या हार्वेस्टरच्या तोंडालाही तीच आहे. याचा फायदा आपल्याला असा की पात्यांची तीन इंची रुंदी हार्वेस्टरशी जुळते आणि स्पेअर त्या दुकानात सापडतात. जुनं पातं सोबत न्यायचं आणि रिव्हेटच्या भोकांमधलं अंतर मोजूनच घ्यायचं. तिथे बहुतेक दातेरी पाती मिळतात. ती सुकलेल्या गवताला ठीक, ओल्या घासाला सपाट धारेची बरी, कारण ती बांधावर बसून कानशीने लावता येतात.

आणलं तेव्हा यंत्र घास कापत नव्हतं, आडवा पाडत होतं. बघायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, धार लावा. धार लावली, तरी तेच. कात्रीचा खिळा ढिला झाला की धारदार पात्यांतही कापड दुमडतं, तोच प्रकार इथे होता. पातं एकटं कापत नाही. फिंगरच्या आत खाली एक लहान कडक पट्टी असते, तिच्यावर पातं टेकून सरकलं पाहिजे. माझ्याकडे त्या पट्ट्यांच्या कडा गोल झाल्या होत्या आणि वरून पात्यांना दाबून धरणाऱ्या क्लिपा उचललेल्या होत्या. पट्ट्या बदलल्या. मग एका टोकाकडून नजर लावून फिंगर सरळ केले: दोरी ताणायची आणि जो फिंगर वर-खाली दिसेल त्याला हातोडीने बेताने मारायचं. बिडाचा असेल तर मारू नका, तुटतो. शेवटी क्लिपा खाली घेतल्या, इतक्या की पाती हाताने सरकावीत पण वर उचलू नयेत. इंजिनला हात न लावता कापणी सुधारली.

पाती काढायला ड्रिल लागत नाही. पट्टी वाईसमध्ये घट्ट धरायची आणि पात्याच्या मागच्या कडेवर घणाचा एक नीट फटका द्यायचा, रिव्हेट कापले जातात. नवे रिव्हेट ऐरणीवर ठोकताना मात्र घाई नको. एखादं पातं किंचित हललं तरी त्याच जागी रानात न कापलेली बारीक रेघ उमटते. रेघ दिसली की बार उचलून त्या जागेचं पातं आणि फिंगर बघायचा, बाकी यंत्र खोलत बसू नये.

लाकडी दांड्यावरून फॅब्रिकेशनवाल्याशी माझा वाद झाला. त्याचं म्हणणं लोखंडी पाइप टाकू, कायमचं काम होईल. मी सुताराकडून वाळलेल्या बाभळीचा, सरळ रेषांचा करून घेतला. पट्टी कुठे दगडात अडकली तर लाकूड आधी तुटावं, तिचं डोकं आणि फ्लायव्हीलचं बेअरिंग शाबूत राहावं, हा हिशोब. दांड्याची लांबी मात्र भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत जुन्याइतकीच हवी. फ्लायव्हील हाताने फिरवून बघा: फेरीच्या दोन्ही टोकांना पात्याचा मध्य फिंगरच्या मध्यावर आला पाहिजे. एका बाजूला कमी पडला तर ठोके ऐकू येतात आणि अर्धवट कापलेलं गवत आत ओढलं जातं. हे करताना ट्रॅक्टर बंद आणि किल्ली खिशात. फ्लायव्हील थोडं हललं तरी पट्टी सरकते, बोट गेलं तर गेलं.

आणखी एक माप कोणी सांगत नाही. बारचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवायचं, फुटामागे पाव इंच, म्हणजे सहा फुटी बारला दीड इंच. चालताना गवताच्या दाबाने तो मागे जातो आणि तेव्हा काटकोनात येतो. जुन्या यंत्रात सांध्याच्या पिना आणि बुश झिजलेले असतात, त्यामुळे बार आधीच मागे पडलेला असतो. टर्नरकडून बुश करून घेतल्यावर आतल्या बाजूला घास तुंबणं बरंच कमी झालं.

डिझेलची काळजी नाही. अशा बारला मीटरमागे सव्वा किलोवॅटच्या आसपास ताकद लागते, फिरत्या चकत्यांच्या डिस्क मोअरला त्याच्या चौपट. पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवर ठेवायचा आणि ताशी पाच-सहा किलोमीटरने चालायचं. गवत दाट असेल तर गिअर खाली घ्या, पीटीओचा वेग कमी करू नका.

खरी अडचण रानाची आहे. आपल्याकडे घास लहान वाफ्यांत करतात, दर काही फुटांवर वरंबा. बारच्या टोकाखालचा, जमिनीवर घसरणारा जोडा वरंब्यावर चढला की पाती मातीत जातात. म्हणून मी नवा घास सपाट रानात, तुषार सिंचनावर केला. जुने वाफे अजून विळ्यानेच कापतो. हत्तीगवतालाही हे यंत्र लावू नका, जाड ताटांत पट्टी अडकते.

बाहेरच्या टोकाची आडवी फळी लिलावातच गायब होती. ती कापलेला घास आत ढकलते, म्हणजे पुढच्या फेरीत चाकाला मोकळी वाट मिळते. साध्या फळीची करून लावली आहे, पण कोन अजून बसलेला नाही. ओला घास तिच्या टोकाला गुंडाळला जातो, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी ट्रॅक्टर बंद करून काठीने काढावा लागतो.