जेलची सतरंजी, आठ महिन्यांनंतर: सगळं झकास, एक पट्टा सोडून

जानेवारीत इथे वडोदऱ्यात एका प्रदर्शनातून कैद्यांनी विणलेली सतरंजी घेतली. सहा बाय नऊ, सुती, साडेबाराशे रुपये. भाव करून पाहिला, पण 'फिक्स रेट'. दांडिया बाजारात घरी आणून पसरली, तर कडेचा निळा पट्टा एका टोकाला चार बोटं आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन. एका बाजूला पंजा (धागे ठोकून घट्ट बसवायची फणी) नीट ठोकलेला नाही, दुसरं काय! ही म्हणाली, "पाहुणे पट्टा मोजायला येतात का?" येत नाहीत. मी मोजतो ना.

स्टॉलवाल्याला फोन केला. बदलून मिळणार नाही. बरं, विणणाऱ्याला निदान कळवा, म्हटलं. तो हसला.

तेव्हा दोन तारे देणार होतो. तेवढ्यात आमचे भावजी आले. ते वकील. सतरंजीवरच बसून चहा घेता घेता म्हणाले, सक्तमजुरीची शिक्षा असेल तरच काम बंधनकारक. साध्या कैदेत नाही, कच्च्या कैद्यावर, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याच्यावर, तर सक्ती करताच येत नाही. आणि 2022 अखेर देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चेच होते. पैशांचं विचारलं (माझे साडेबाराशे गेले कुठे?), तर गुजरातच्याच खटल्यात 1998 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय म्हणे, की कैद्याला कामाची रास्त मजुरी द्या; जेवणाकपड्यांचा खर्च त्यातून कापा, काही वाटा गुन्ह्याची झळ बसलेल्यांसाठी ठेवा. हे ऐकून जरा बरं वाटलं.

पण पट्टा काही सुटेना. शिक्षा म्हणजे केल्याची फेड असेल, तर वाकडा पट्टा चालतो. त्याने वर्षं भोगली, संपलं. इतरांना जरब बसवायची असेल, तरी चालतो. माणूस नुसता अडकवून ठेवायचा असेल, तर पट्टा नसला तरी चालेल. सुधारणा म्हणाल, तरच तो सरळ हवा. 1894 च्या तुरुंग कायद्याचा भर शिस्तीवर होता. 2023 च्या केंद्राच्या नमुना कायद्याच्या नावातच 'सुधारात्मक सेवा' आहे. मग बाहेर येऊन मागावर पोट भरायचं आहे, त्या माणसाला आपला हात कुठे चुकतो हे कोण सांगणार? आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याला गिऱ्हाईक तोंडावर सुनावतं, म्हणून तर तो शिकला.

बाकी माल दणकट. उन्हाळ्यात दोनदा धुतली, रंग गेला नाही. गणपतीत चाळीस माणसं बसली, एक दोरा निघाला नाही. शेजारच्या बेननी "शेतरंजी सरस छे" म्हणून दुकान विचारलं. त्यामुळे आता चार तारे.

पाचवा राखून ठेवलाय. पट्ट्याचं माप लिहून, खाली छोटं चित्र काढून, पावतीवरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलंय: 'विणणाऱ्या भाऊंना द्यावे.' उत्तर नाही अजून.