‘सेम टू सेम’ रायटरच्या नादात

माझ्या डेस्कटॉपचा डीव्हीडी रायटर एका दिवसात गेला नाही. आधी चार डिस्कमागे एक वाया जायला लागली, मग दोन, आणि शेवटी कुठलीही कोरी डिस्क घातली की नुसता घरघरायचा आणि ट्रे बाहेर ढकलायचा. छापील डीव्हीडी आणि सीडी मात्र तो तेव्हाही व्यवस्थित वाचत होता. रायटर म्हातारा झाला की बहुतेक वेळा लिहिणं आधी जातं, वाचणं नंतर. कारण लिहिताना लेसरला कितीतरी जास्त जोर लागतो. हे मला ठाऊक होतं. लेन्स पुसून पाहिली, फरक पडला नाही, तेव्हा नवा घ्यायचं ठरवलं. इथपर्यंत माझी अक्कल शाबूत होती.

नातेवाइकांच्या जुन्या व्हिडिओ टेपा कम्प्युटरवर उतरवून त्यांच्या डिस्क करून द्यायचं काम मी अंगावर घेतलं होतं. पेनड्राइव्ह देतो म्हटलं तर ‘ते नको बाबा, आपली सीडीच दे’ हे उत्तर ठरलेलं. (त्यांच्या लेखी सगळ्याच चकत्या ‘सीडी’.) अर्ध्या टेपा उतरवून झाल्या होत्या, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता.

कॅबिनेट उघडलं. रायटरच्या मागे राखाडी, पट्टीसारखी रुंद केबल, शेजारी चार पिनांचा जाड पांढरा पॉवरचा कनेक्टर, आणि केबलच्या दुसऱ्या अंगाला नखाएवढा जंपर, म्हणजे केबलवरचा ड्राइव्ह पहिला की दुसरा हे ठरवणारी टोपी. म्हणजे आयडीई, ड्राइव्ह मदरबोर्डाला जोडायचा चाळीस पिनांचा जुना प्रकार. मागच्या बाजूचा फोटो काढला आणि डोक्यात एकच धरलं: अगदी असाच हवा. असाच मिळाला की केबल बदलायला नको, बोर्डाकडे बघायला नको. जुना काढायचा, नवा सरकवायचा. सगळी फसगत या ‘असाच’पासून सुरू झाली.

ऑनलाइन शोधताना एक विक्रेता सापडला. फोटो पाठवल्यावर दहा मिनिटांत उत्तर. ‘सेम टू सेम आहे साहेब. सीलबंद, नवा. फक्त काढा आणि लावा.’ मी शहाणपणा करून म्हटलं, चालू असलेला दाखवा. त्याने व्हिडिओ पाठवला: ड्राइव्ह टेबलावर उघडाच ठेवलेला, डिस्क आत जाते, स्क्रीनवर हिरवी पट्टी पुढे सरकते, डिस्क बाहेर येते. मी खूश. त्या व्हिडिओत स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘७९’ मिनिटं आणि पुढे काही सेकंद असा आकडा होता. तो मी पाहिला, पण वाचला नाही. तो कशाचा ते पुढे सांगतो.

खरं म्हणजे ‘सीलबंद नवा आयडीई रायटर’ हे ऐकूनच मला खटकायला हवं होतं. आयडीईच्या जागी आलेली साटा ही नवी जोडणी २००३ च्या सुमारास बाजारात आली. इंटेलने २००६ मध्ये आयसीएच८ ही चिप आणली तेव्हाच डेस्कटॉप बोर्डांसाठी आयडीईची सोय त्यातून काढून टाकली. पुढे काही वर्षं बोर्ड बनवणारे वेगळी छोटी चिप लावून एखादं आयडीई पोर्ट देत राहिले, तेवढंच. मग आज कोणाकडे नवा कोरा आयडीई रायटर असेल, तर तो गोदामात विसरलेला तरी असणार किंवा जुनाच पुसून पॅक केलेला. पहिला प्रकार क्वचित. दुसरा विकणाऱ्यांचा धंदा मात्र माझ्यासारख्यांवर चालतो, ज्यांना ‘असाच’ हवा असतो.

पार्सल आलं. प्लास्टिकचं सील होतं, पण ते हेअर ड्रायरने आकसवून बसवता येतं त्या जातीचं. आत ड्राइव्ह, वर चकचकीत लेबल, त्यावर मॉडेल नंबर आणि ‘डीव्हीडी रायटर’ ठळक. पुढच्या काळ्या पट्टीवर डीव्हीडी रायटरची सगळी चिन्हं. फक्त ट्रेची पट्टी एका बाजूला केसभर खाली बसत होती, आणि बाजूच्या स्क्रूच्या भोकांपैकी दोन भोकांभोवती रंग खरवडून आतला पत्रा चमकत होता. नव्या ड्राइव्हच्या भोकात कधी स्क्रू गेलेलाच नसतो. तिथे ओरखडा असायचं कारणच नाही. मला तो दिसला. ‘टेस्टिंगला लावला असेल’ असं मीच मला समजावलं. विक्रेत्याला खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही.

जंपर जुन्याप्रमाणे मास्टरवर, म्हणजे पहिल्यावर, ठेवला, केबल लावली, कम्प्युटर सुरू केला. ड्राइव्ह दिसला. गाण्यांची सीडी वाजली, सिनेमाची डीव्हीडी चालली. मग कोरी डीव्हीडी घातली. ‘कृपया ड्राइव्हमध्ये डिस्क घाला.’ काढून घातली. तोच संदेश.

पुढचे आठ दिवस मी जे काय केलं ते आठवलं की लाज वाटते. आधी डिस्कवर शंका घेतली, दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. मग प्लसच्या (डीव्हीडी+आर) नको, मायनसच्या (डीव्हीडी-आर) घेऊ म्हणून त्याही आणल्या. केबल बदलली. एका रविवारी तर विंडोज नव्याने टाकलं! विक्रेता दर वेळी नवं कारण द्यायचा आणि प्रत्येक कारण ऐकायला अगदी बरोबर वाटायचं. ‘हलक्या डिस्क घेत नाही तो.’ ‘तुमचा पॉवर सप्लाय कमी पडतोय.’ ‘आयडीई पोर्ट कमजोर असतील, साटाचा कन्व्हर्टर लावा, माझ्याकडे आहे.’ तो कन्व्हर्टरही मी घेतला. आता ऐका: या छोट्या कन्व्हर्टर पट्ट्यांतल्या बऱ्याच एकाच दिशेने चालतात. काही आयडीई ड्राइव्ह साटा बोर्डाला जोडतात, काही त्याच्या उलट. मला आलेला उलटा होता. शेवटी त्याने एक फाइल पाठवली, ‘ड्रायव्हर आहे, टाका.’ विंडोजमध्ये सीडी-डीव्हीडी ड्राइव्हला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, तो सिस्टिममध्येच असतो. ती फाइल उघडली नाही एवढं एक काम माझ्या हातून बरं झालं.

मग मावसभाऊ आला. तो जुने कम्प्युटर उघडूनच मोठा झालाय. त्याने कॅबिनेटला हातसुद्धा लावला नाही. ‘कम्प्युटर’ची खिडकी उघडली, ड्राइव्हच्या चित्राखालचं नाव वाचलं आणि हसायला लागला. ‘अरे, हे काय लिहिलंय वाच की.’ तिथे होतं: ‘डीव्हीडी/सीडी-आरडब्ल्यू ड्राइव्ह’. ‘तुझ्या आधीच्या ड्राइव्हला काय यायचं?’ यायचं ‘डीव्हीडी आरडब्ल्यू ड्राइव्ह’. ‘ही मधली तिरकी रेघ बघ. डीव्हीडी वाचतो, सीडी लिहितो. दादा, तुला कॉम्बो चिकटवलाय.’

आठ दिवस ती रेघ रोज डोळ्यांसमोर होती.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या भागांच्या विंडोजमधल्या यादीत, ड्राइव्हचं पूर्ण नाव पाहिलं. ते नाव ड्राइव्हच्या फर्मवेअरमधून, म्हणजे त्याच्या आतल्याच प्रोग्रॅममधून येतं, लेबलवरून नाही. म्हणून लेबल बदललं तरी ते सहसा बदलत नाही. लेबलवरचा मॉडेल नंबर आणि इथला नंबर यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, आणि इथल्या नावातच ‘आरडब्ल्यू/डीव्हीडी’ असं होतं. इमगबर्न या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ड्राइव्हला काय काय जमतं याची यादी दिसते, तीही काढली. लिहितो: सीडी-आर, सीडी-आरडब्ल्यू. वाचतो: डीव्हीडीचे प्रकार. लिहिण्याच्या रकान्यात डीव्हीडीचं नावही नाही. कारखान्यातून बाहेर पडला तेव्हापासून तो हेच सांगत होता. मी त्याला विचारलं नव्हतं, विक्रेत्याला विचारलं होतं.

आता तो ‘७९’. ऐंशी मिनिटांची, ७०० एमबीची कोरी सीडी घातली की असे प्रोग्रॅम तिची जागा ७९ मिनिटं आणि काही सेकंद अशी दाखवतात. कोरी एका थराची डीव्हीडी असती तर ४.३८ जीबीच्या आसपासचा आकडा आला असता. म्हणजे त्याने मला सीडी लिहून दाखवली. व्हिडिओ खरा होता, ड्राइव्ह खरंच लिहीत होता. मी फक्त कशावर ते विचारलं नाही.

हे कुठल्या फर्मवेअरने सुधारेल का? नाही. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा. कॉम्बोमध्ये सीडी लिहिण्याएवढा जोर पहिल्याला दिलेला असतो, दुसरा फक्त वाचण्यापुरता. जोर नसलेल्या लेसरला ‘लिही’ म्हणून सांगून तो लिहीत नाही. हीच गंमत आता ब्ल्यू-रेमध्येही आहे. ‘ब्ल्यू-रे कॉम्बो’ म्हणून जो विकतात तो ब्ल्यू-रे वाचतो आणि डीव्हीडी लिहितो. २५ जीबीच्या कोऱ्या डिस्कवर तो एक अक्षर उमटवणार नाही.

भावाने पुढची पट्टी नखाने उचकली. खालच्या खाचा वेगळ्याच मापाच्या होत्या, पट्टी कुठल्यातरी मेलेल्या रायटरची. वरच्या लेबलचा कोपरा उचलला तर खाली दुसरं लेबल, त्यावर पिवळट पडलेली जुनी उत्पादन तारीख.

पैसे परत मागितले तेव्हा ‘सील फोडलंय, परत होणार नाही’ असं उत्तर आलं. सील फोडल्याशिवाय तपासायचं कसं, याला उत्तर नाही. मी वाद घातला नाही. लेबलचा फोटो, डिव्हाइस मॅनेजरचा स्क्रीनशॉट, क्षमतांची यादी आणि त्याचाच ‘डीव्हीडी रायटर, नवा’ असा संदेश, असे चार पुरावे जोडून ज्यातून पैसे भरले होते तिथे तक्रार टाकली. ड्राइव्हचे पैसे आले. कन्व्हर्टरचे आणि वाया गेलेल्या डिस्कचे गेले ते गेले. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं असतं तर बहुधा तेही आले नसते. ‘सांगितलेला मॉडेल हा नाही’ हे कागदावर दाखवता आलं म्हणून आले.

आणि आता सगळ्यात लागणारी गोष्ट. भावाने टॉर्च मारून बोर्ड दाखवला. हार्ड डिस्क ज्या पोर्टाला लावली होती, त्याच्या शेजारी त्याच जातीची दोन पोर्टं रिकामी. साटा. सात पिनांची, बोटाएवढी बारीक केबल. मला आयडीई रायटरची गरजच नव्हती! पॉवर सप्लायमधून पंधरा पिनांचा चपटा साटा कनेक्टरही लोंबत होता. तो नसता तर जुन्या चार पिनांवरून साटा करणारी वायर मिळते, पण तिचं टोक एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं नको. त्यातल्या हलक्या प्रतीच्या वायरी आत शॉर्ट होऊन वितळल्याचे प्रकार झालेत. वायर एकेक करून दाबून बसवलेली दिसते ती घ्यावी.

साध्या साटाचा, पूर्ण आकाराचा, सव्वापाच इंची रायटर घेतला. आकाराचंही बघावं लागतं. छोट्या कॅबिनेटमध्ये लॅपटॉपसारखा १२.७ किंवा ९.५ मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह असतो, त्याचा पॉवर कनेक्टर सहाच पिनांचा, नेहमीचा त्यात बसत नाही. काही तयार कॅबिनेटला पुढे स्वतःचं झाकण असतं आणि त्यामागचं बटण नेमकं ड्राइव्हच्या बटणावर यावं लागतं. माझं साधं होतं, प्रश्न आला नाही.

या वेळी पार्सल उघडण्याआधीच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. स्क्रूची भोकं पाहिली, काळी कुळकुळीत. जोडल्यावर गाणी-सिनेमे काही नाही, थेट डिव्हाइस मॅनेजर. नाव लेबलशी जुळलं. ते जुळवताना एक लक्षात घ्या, तिथे कंपनीचं नाव ओळखीचं नसेलही. एलजीचा ड्राइव्ह असेल तर ‘एचएल-डीटी-एसटी’ दिसतं, कारण तो हिताची-एलजी या जोड कंपनीने बनवलेला असतो. त्याने घाबरू नका, मॉडेल नंबर बघा. मग पहिलीच डिस्क पूर्ण भरून लिहिली, कारण कमजोर लेसर बरेचदा कडेशी, शेवटच्या भागात अडखळतो.

घाई मात्र अजून आहे. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्ल्यू-रे डिस्क बनवणं थांबवलं, ड्राइव्ह बनवणारेही कमी होत चाललेत. नवा माल जितका कमी, तितके पुसून-पुसून विकले जाणारे जुने जास्त.

त्या विक्रेत्याची जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोटो तोच, ‘सीलबंद नवा’ तेच. या वेळी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. बाजूच्या दुसऱ्या भोकाभोवती रंग खरवडलेला होता, आतला पत्रा चमकत होता.